गुलाबी नखं

सरावलीच्या सोसायटीत सत्यनारायणापुढे पुंडलिक गिटार वाजवणार होता. फ्लॅमेंको या स्पॅनिश शैलीच्या वेगासाठी उजव्या हाताची पहिली दोन बोटं तारेवर आळीपाळीने धावायला हवीत, आणि त्यांना नखं हवीत. पुंडलिक औषधांच्या कारखान्यात कामाला. तिथे नखं वाढवायला बंदी. म्हणून त्याने बायकोची, भाविकाची, लग्नसराईतली गुलाबी खोटी नखं चिकटवली. वेग आला, टाळ्या आल्या आणि एक नख उडून प्रसादाच्या शिऱ्यात पडलं.

"हे कुणाचं गं?" शिरा वाटणाऱ्या रत्नाबाईंनी ते चिमटीत धरलं.

पुंडलिकने हात झब्ब्याच्या खिशात घातला.

"माझंच, काकू," भाविका म्हणाली.

"नवरा एवढा कलाकार, आणि तू प्रसादात नखं सांडतेस!"

सगळे हसले. एकट्याने गप्प राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून पुंडलिकही हसला.