चार अँटेना आणि तीनशे अठरा कपाटं

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुरकुर नको. माझा स्वतःचाही पहिले दोन दिवस बसला नव्हता. पण हे घडलं माझ्या या दोन हातांनी, आणि साक्षीला माझी सख्खी थोरली बहीण आहे.

गेल्या रविवारी ताईचे नवे जावई पहिल्यांदाच घरी आले होते. माणूस सज्जन, बोलणं मोजकं. ताईने त्यांना स्टुलावर बसवलं, त्यांच्या दोन्ही हातांत लोकरीची लड अडकवली आणि समोर बसून गुंडा करायला घेतला. हात असे पुढे धरून बसलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. गोष्ट सांगायला याहून बरी वेळ कुठली? मी खुर्ची पुढे ओढली.

"जावईबापू," मी म्हणालो, "तुमच्या सासूबाईंचं स्टोअर कुणी वाचवलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं का?"

"झालं सुरू," ताई म्हणाली.

"नाही मामा," जावई म्हणाले.

तर ऐका.

ताई तेव्हा लोखंडी कपाटांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायची. दोन हॉल होते. पुढच्या हॉलमध्ये कच्चा माल, मागच्या हॉलमध्ये तयार कपाटं, रांगेने उभी, मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. वीस वर्षं ताईने त्या कपाटांची मोजणी वहीत केली आणि एक कपाट कधी इकडचं तिकडे झालं नाही. मग साहेब बदलले. नव्या साहेबांनी हातात धरायचं एक यंत्र आणलं. कपाटावर चिकटवलेल्या पट्ट्यांवर ते रोखायचं, की 'टुक' असा आवाज होतो आणि नोंद वायरलेसने थेट साहेबांच्या कॉम्प्युटरवर जाते. पुढच्या हॉलमध्ये झकास चाललं. मागच्या हॉलमधून नोंद पोचेना, यंत्र मुकं. कसं बोलेल? वायरलेसचा डबा पुढच्या भिंतीवर, आणि मध्ये तीनशेवर लोखंडी कपाटं छाती काढून उभी. लोखंडापुढे वायरलेसचं काही चालत नाही.

साहेबांना वाटलं, बाईंनाच यंत्र जमत नाही. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मागच्या हॉलची मोजणी यंत्रातून माझ्या टेबलावर आली पाहिजे. नाहीतर सोमवारपासून स्टोअरच्या किल्ल्या दुसऱ्याकडे. बाईंनी फोनवर बसावं."

फोनवर! वीस वर्षं किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरलेली बाई! त्या दिवशी ताई घरी आली आणि चपला न काढताच बसून राहिली. मला म्हणाली...

"मी काही म्हणाले नव्हते," ताई म्हणाली.

"तोंडाने नव्हतीस म्हणाली. पण मी वायरमन माणूस. न बोललेलं मला आधी ऐकू येतं." मी जावयांकडे वळलो. "शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी पिशवी घेऊन हजर."

मागच्या हॉलसाठी नवा डबा आलेला होता. त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. साध्या डब्याचे अँटेना पोटातच असतात. हा डबा बाहेरच्या अँटेनांचा. कडेला पितळेची चार आटे पाडलेली तोंडं, त्यांवर रबरी टोप्या. अँटेना आपण निवडून लावायचे. कंपनीच्या माणसाने डबा भिंतीवर ठोकला होता, वीज जोडली होती आणि अँटेनांचं खोकं शिडीखाली ठेवून तो जेवायला गेला होता. तो गेला तो गेलाच.

आता कामाची पद्धत बघा, जावईबापू. अँटेना लावण्याआधी डब्याची वीज तोडायची. उघड्या तोंडांचा डबा चालू ठेवला तर तो बिचारा आपलाच आवाज गिळत बसतो आणि आतून बिघडतो. म्हणून मी आधी अडॅप्टर काढला, वायरीची छान वेटोळी केली आणि जाकिटाच्या आतल्या खिशात घातली. खिशात का? कारण साहेब शिडीखाली येऊन उभे राहिले होते, आणि साहेबांना दिसेल ते बटण दाबायची आणि दिसेल ती वायर खोचायची भारी हौस.

"हो, ही हौस होती खरी," ताई म्हणाली. तिने गुंडा फिरवला. जावयांनी हात डावीकडे झुकवले.

पहिला अँटेना फिरवला. आटे असे बसले की लोणी. दुसरा, तिसरा, चौथा. खाली उतरणार, एवढ्यात माझ्या मनाला खटकलं. एक अँटेना काढून आत डोकावलो. तोंडाच्या मधोमध भोक. अँटेनाच्या मधोमधही भोक. मधली सुई दोन्हीकडे नाही! म्हणजे बाहेरून हात घट्ट धरलेले आणि आत एकमेकांची ओळखसुद्धा नाही. आटे एकसारखे असल्यामुळे भलेभले इथे फसतात.

तेव्हा वाजले होते सव्वातीन. योग्य अँटेना मिळणारं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, नऊ मैलांवर. मी सायकल काढली. किती वेगाने गेलो म्हणून विचारा!

"किती वेगाने?" जावयांनी आज्ञाधारकपणे विचारलं.

"माझी सावली कारखान्याच्या फाटकापाशीच मागे पडली. दुकानात मी बिनसावलीचा उभा होतो, दुकानदार दचकला. अँटेना घेऊन परत निघालो तेव्हा अर्ध्या वाटेत सावली समोरून धापा टाकत येताना दिसली. तिला मागच्या कॅरिअरवर बसवून घेऊन आलो."

ताईच्या तोंडून एक आवाज निघाला. तो खोकला होता, असं मी धरून चालतो.

पावणेचारला मी पुन्हा शिडीवर. साहेबांनी खालून पक्कड पुढे केली. "घट्ट आवळा, वायरमन!"

मी म्हणालो, "साहेब, अँटेना बोटांनीच आवळायचा. पक्कड लावली की त्याची मान मोडते."

मग साहेबांनी दुसरा हुकूम सोडला. "चारही अँटेना मागच्या भिंतीकडे रोखा. बंदुकीसारखे!"

इथेच सगळं जग चुकतं. लोकांना वाटतं, अँटेना म्हणजे पाण्याची नळी, टोक जिकडे तिकडे धार. टोकातून जवळजवळ काहीच निघत नाही, जावईबापू! जे काही निघतं ते कुशीतून, चहूबाजूंना. टोक ज्याच्याकडे कराल त्याच्या वाट्याला ठणठणाट. मी चारही अँटेना ताठ उभे केले. शिपायासारखे. आणि मग...

"मग?" जावई.

मग जे झालं ते मी मेलो तरी विसरणार नाही.

आधी हॉलमधली हवा जड झाली. डब्यावरचे हिरवे दिवे दिसेनात. एक नाही, दोन नाही, सगळे काळे. का? अहो, सगळी ताकद अँटेनात गेली! दिव्यांना उरलंच काय? मी वरून ओरडलो, "ताई, बघ कसं पकडतंय!" आणि तिच्या हातातलं यंत्र 'टुक' म्हणालं. तिने अजून ते रोखलंही नव्हतं. टुक, टुक, टुक! सिग्नल असा दाट झाला होता की कपाटांना राहवेना. पहिल्या रांगेतल्या कपाटाने आपलं दार आपणच उघडलं आणि आपली पट्टी पुढे केली. मग दुसऱ्याने. मग सगळ्या हॉलभर दारांची धडाधड. जणू शाळेत हजेरी चालली आहे आणि प्रत्येकाला आपला नंबर आधी सांगायचा आहे.

रखवालदार आजोबांच्या कानातल्या यंत्रातून पलीकडच्या कारखान्यातलं भांडण ऐकू येऊ लागलं. ते दाराशी बसून आम्हाला कोण काय म्हणालं ते सांगत होते. साहेबांचा भांग या बाजूचा त्या बाजूला गेला. आणि कहर म्हणजे पलीकडच्या कारखान्यातले लोखंडी पलंग भिंत ओलांडून आमच्या यादीत यायला लागले! सत्तावीस पलंग आले. तेव्हा मी एक अँटेना अर्धा आटा सैल केला, म्हणून थांबले.

"आणि सासूबाई?" जावई म्हणाले. "त्या काय करत होत्या?"

"ती? तिच्या आनंदाला सीमा नव्हती! यंत्र छातीशी धरून नुसती धावत होती. मागच्या हॉलमधून पुढच्या हॉलमध्ये, पुढच्यातून मागच्यात. घामाने निथळत होती, पदर खोचलेला, केस सुटलेले. या वयात माणूस आनंदाने इतकं धावतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. पाचला दोन मिनिटं कमी असताना साहेबांच्या कॉम्प्युटरवर आकडा आला. तीनशे अठरा. साहेबांनी स्वतः जाऊन मोजली. तीनशे अठरा! किल्ल्यांचा जुडगा त्यांनी ताईकडेच राहू दिला. पुढे निवृत्त होईपर्यंत स्टोअर तिचंच. आणि हे सगळं कशाने? चार अँटेनांनी, आणि या..." मी माझे दोन्ही हात वर केले.

लोकरीची लड आता पातळ झाली होती. जावयांनी शाळेतल्यासारखा एक हात वर करायचा प्रयत्न केला, तो लोकरीसकट दोन्ही वर गेले.

"मामा, राग येणार नसेल तर एक विचारू?"

"विचारा की! घरचेच तुम्ही."

"तुम्ही वीज तोडलीत, वायर जाकिटाच्या आतल्या खिशात घातलीत. मग दुकानात गेलात, आलात, अँटेना लावलेत, उभे केलेत. वायर परत कधी लावलीत?"

मी जाकिटाच्या आतल्या खिशाकडे हात नेला. का नेला, कोण जाणे. ते जाकीट केव्हाच फाटून गेलं.

"सिग्नलच एवढा होता, जावईबापू," मी म्हणालो, "की विजेची..."

"दिवे काळे होते म्हणालात," जावई अगदी हळू आवाजात म्हणाले.

ताईने गुंडा मांडीवर ठेवला.

"लावलीच नव्हती," ती म्हणाली. "सोमवारी जाकीट धुवायला घेतलं तेव्हा खिशातून अडॅप्टर निघाला. डबा पाच वाजेपर्यंत मेलेला होता, थापाड्या! ते यंत्र नोंदी पोटात साठवतं आणि पुढच्या हॉलच्या डब्याजवळ गेलं की ओकतं, हे त्या दुपारीच माझ्या लक्षात आलं. एकेक रांग टुकटुक करायची आणि पुढे धावत जायचं, पुन्हा मागे यायचं. अकरा रांगा, अकरा फेऱ्या. पाय आठ दिवस सुजले होते माझे. आनंदाने धावत होते म्हणे!"