सातव्या वळणावरची मावशी

आमचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायचं काम बायकोचं, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम माझं. तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवली की गिऱ्हाइकाला हलता येत नाही आणि बोलताही येत नाही. नेमकी ही संधी साधून माझी बायको त्याला मोटारींच्या शर्यतीबद्दलची आपली मतं ऐकवते. दोन-चार जुनी गिऱ्हाइकं हल्ली पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जातात, ती यामुळेच, असा मला दाट संशय आहे.

मतं तशी फार नाहीत, पण प्रत्येक मत खिळा ठोकल्यासारखं. तिचं म्हणणं, नियम सगळ्यांना सारखा लागत नसेल तर तो नियम नाही, लहर आहे. एका रविवारी रेषेबाहेर गेलेल्याला नुसती ताकीद देतात आणि पुढच्या रविवारी त्याच चुकीला पाच सेकंदांचा दंड लावतात, हे पाहून ती टीव्हीसमोर उशी फेकायची. वेग वाढवायचं बटण दाबून पुढची गाडी गाठण्याला ती ओव्हरटेक म्हणतच नाही. पैशाचा विषय निघाला की मात्र मी कारखान्यात, म्हणजे दुकानामागच्या खोलीत, निघून जायचो, कारण मग जेवण थंड होईपर्यंत सुटका नसायची. बापाने पैसे मोजून गाडीत बसवलेली पोरं तिच्या डोक्यात जायची. मी आपला म्हणायचो की अगं, थोडं इकडेतिकडे चालायचंच, नाहीतर शर्यत आणि परेड यात फरक काय? त्यावर ती म्हणायची, "तू काचा घास."

या सगळ्याला कारण घरातलंच होतं. तिच्या बहिणीचा मुलगा शर्यतीत गाडी चालवतो. त्याची आई परिचारिका, तिच्या पाळ्या सतत बदलणाऱ्या, म्हणून हा लहानपणी शाळा सुटली की आमच्या दुकानात यायचा आणि चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांची वळणं मांडून खेळण्यातल्या गाड्या पळवायचा. गाडीने डबा पाडला तर फेरी बाद, हा नियम मावशीचा. आता तो विशीत आहे आणि नवोदितांच्या गटात भाड्याची गाडी चालवतो. गाडी जुनी, टायर मोजके, पण पोराचा हात असा की बघत राहावं.

यंदा शेवटच्या शर्यतीपर्यंत दोघांचे गुण सारखे झाले. एक आमचा भाचा आणि दुसरा फरशीवाल्याचा मुलगा. त्या दोघांत जो पुढे राहील तो वर्षाचा विजेता, आणि विजेत्याला पुढच्या वर्षी वरच्या गटात फुकट गाडी. भाच्यासाठी वर जायचा हा एकच रस्ता होता. फरशीवाल्याच्या मुलाला फुकट गाडीची गरजच नव्हती. बापाच्या दुकानाचं नाव त्याच्या गाडीवर, हेल्मेटवर, छत्रीवर, इतकंच काय चहाच्या कपांवरही होतं. बायको त्याला राजपुत्र म्हणायची. त्याच्या गाडीत इंजिनच्या जागी बापाचं पाकीट बसवलंय, हे तिचं लाडकं वाक्य.

अशात शर्यतींचा मुख्य अधिकारी आमच्याकडे चष्म्याचा नंबर तपासायला आला. त्याने हनुवटी टेकवली आणि सापडला. तुमच्या पंचांना रेषा दिसत नाही, हे तिने त्याला तिसरी काच बदलेपर्यंत ऐकवलं. सुटका झाल्यावर तो बिचारा डोळे चोळत म्हणाला की वळणांवर उभे राहायला स्वयंसेवक कमी पडतात, तुम्हीच या. भाचा शर्यतीत आहे, हे तिने लगेच सांगून टाकलं. तो म्हणाला, आमच्या एवढ्याशा मैदानात प्रत्येक जण कुणाचा तरी कुणीतरी असतो. शिवाय वळणावर दोघं असतात, यजमानांनाही आणा. नवरा तटस्थ असतो, असा त्याचा समज दिसला.

आम्हाला सातवं वळण मिळालं. तिथून पुढे सरळ पट्टा आणि मग शेवटची रेषा. नारिंगी जॅकेट घालून आम्ही टायरच्या भिंतीमागे उभे राहिलो. माझ्या हातात पिवळा झेंडा, तिच्या हातात वॉकीटॉकी. या वळणावर कॅमेरा नाही, जेवढं दिसेल तेवढं सांगा, असं आम्हाला सकाळी बजावलं होतं. बायको वाकून पांढरी रेषा निरखत होती, तेवढ्यात भाचा रस्त्याची पाहणी करत चालत आला. आम्हाला पाहून त्याची कळी खुलली.

"मावशी, तू इथे?"

"इथे मी तुझी मावशी नाही."

"मग कोण?"

"सात नंबर. जा, कामाला लाग."

शर्यत सुरू झाली. राजपुत्र पहिल्या फेरीपासून सगळ्यांच्या पुढे आणि भाचा त्याच्या शेपटाला. प्रत्येक फेरीत दोघं आमच्यासमोरून जायचे, अंतर तेवढंच. गंमत म्हणजे राजपुत्र सुंदर चालवत होता. बायकोने हे कबूल केलं नाही, पण दहाव्या फेरीनंतर तिने पाकिटाचं वाक्य म्हणणं बंद केलं.

शेवटची फेरी. भाच्याने उशिरा ब्रेक दाबला आणि बाहेरच्या बाजूने घुसला. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी आल्या. मग धूळ उडाली, आमच्या भाच्याची गाडी रेषेपलीकडून वळण घेऊन पुढे निघाली आणि पट्ट्यावर तशीच पुढे राहिली. लांबून लाऊडस्पीकरवर त्याचं नाव ऐकू आलं. मी झेंड्यासकट उडीच मारली.

बायको हलली नव्हती. तिने पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही पाहिलं होतं. चारही चाकं बाहेर. बाहेरून जाऊन मिळवलेली जागा परत द्यायची असते, नाही दिली तर पाच सेकंद दंड. त्या पाच सेकंदांनी भाचा दुसरा होणार होता.

मी म्हणालो की धूळ खूप होती. म्हणालो की आपण दोघंच होतो इथे. त्या पोराच्या बापाकडे चार गाड्या घ्यायची ऐपत आहे, आपल्या पोराला हे एकदाच मिळणार आहे, हेही म्हणालो. ती ऐकत होती, आणि तिचे डोळे भरून आलेले मला दिसत होते. मग तिने वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

"सात नंबर. शेवटच्या फेरीत मागच्या गाडीने बाहेरून जाऊन जागा घेतली. चारही चाकं बाहेर."

 पलीकडून अधिकाऱ्याने विचारलं की नक्की ना, आणि म्हणाला, दुसऱ्या माणसाला द्या. तिने वॉकीटॉकी माझ्याकडे दिला आणि रस्त्याकडे पाहत राहिली. माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी खोटं बोललो असतो.

"चारही बाहेर," मी म्हणालो. मला माझाच राग आला, आणि तिचा त्याहून जास्त.

अधिकाऱ्याच्या खोलीत आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही पोरं उभी होती, घामाने चिंब, केस कपाळाला चिकटलेले. फरशीवाला दाराशी घुटमळत होता. अधिकारी नवा चष्मा नाकावर सरकवत भाच्याला समजावत होता की कॅमेरा नाही, साक्षीदार दोन आहेत पण दोघं तुझ्या घरचे. तू हरकत घेतलीस तर मला दंड लावता येणार नाही. नियमच तसा आहे. माझा जीव तिथे टांगणीला लागला. एक वाक्य बोल बाळा, मी मनात म्हणालो, एकच वाक्य.

भाच्याने मावशीकडे पाहिलं.

"सातवर ही होती ना? मग मला काय विचारताय," तो म्हणाला. "लावा दंड."

विषय संपला. फरशीवाल्याने मुलाला मिठी मारली, फोटोवाले धावत आले, आणि आम्ही तिघं मागच्या बाजूला चहाच्या टेबलाशी येऊन बसलो. चहा फरशीवाल्याच्याच कपांतून होता.  बायको रडत होती, लपवतही नव्हती. भाचा तिच्या पाठीवर हात फिरवत बसला होता, जणू हरली तीच होती.

तेवढ्यात राजपुत्र आला. गळ्यात हार, हातात भला मोठा चषक, आणि चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरासारखा.

"काकू, एक विचारू? बाकी सगळे माझ्याशी गोडच बोलतात." तो अडखळला. "मी सगळ्या फेऱ्यांत रेषेच्या आत होतो ना?"

वर्षभर तिने या पोराला काय काय म्हटलं होतं ते मला आठवत होतं, आणि तिलाही आठवत असणार. तिने जॅकेटच्या बाहीने डोळे पुसले.

"एकदाही चाक बाहेर गेलं नाही तुझं," ती म्हणाली. "जिंकलास तू. पैशाने नाही, गाडी चालवून."

त्याने चषक खाली ठेवला, भाच्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग कुणीतरी हाक मारली म्हणून गेला.

घरी येताना गाडी मी चालवत होतो. भाचा मागे हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. पुढच्या वर्षी परत तीच भाड्याची गाडी, तेच मोजके टायर. गाव जवळ आलं तसा तो पुढे वाकला.

"मावशी, पुढच्या वर्षी तू दुसऱ्या एखाद्या वळणावर उभी राहा ना. सात नंबरला पुढे जायला चांगली जागा आहे."

"आतून आहे," ती म्हणाली. "मी रोखून बघितलंय. मी तिथेच उभी राहणार, तू आतून ये."