एकच कफन

“काढा! सगळं बाहेर काढा!”

भंगारवाल्याच्या काट्यावर गाडी तोलून आलेला माझा मुलगा जेवदेत गल्लीत शिरला तो ओरडतच. मी दाराशी खुर्ची टाकून, वाटेतल्या खाण्याची टोपली मांडीवर घेऊन बसले होते. डोक्याला नवा रुमाल, पायात नवे मोजे. आता निघायचंच तेवढं बाकी.

“ओरडतोस कशाला?” मी म्हटलं. “गाडी आहे ती. अडलेली बाई नाही.”

“अडलीच आहे, आई. मागून कशी बसलीये बघ. ऑस्ट्रियातले पोलीस अशी गाडी बाजूला घेतात, काट्यावर चढवतात आणि जास्तीचं सामान तिथेच उतरवायला लावतात. शाकिरची बायको गेल्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला कढयांवर बसून रडत होती, विसरलीस?”

“शाकिरच्या बायकोला रडायला कढया लागत नाहीत.”

माझी सून सेवगी हसली. मग नवऱ्याचं तोंड बघून ताडपत्रीची दोरी सोडू लागली.

गाडी मात्र खरंच बसली होती. पुढचे दिवे आभाळाकडे लागलेले आणि ढुंगण रस्त्याला टेकलेलं. जेवदेतने मागच्या चाकाच्या वर हात घालून पाहिला. दोन बोटंसुद्धा शिरत नव्हती. पण डुइसबर्गहून तुर्कस्तानात, योझगातला निघालेली आमची गाडी हलकी गेली, असं कधी झालेलं नाही. गावात माणसं उतरतात तिकडे कोण बघतं? टपावरचा डोंगर किती उंच आहे ते बघतात आणि त्यावरून वर्षभर बोलतात. जर्मनीत राहणाऱ्याने मोकळ्या हाताने गावात जावं, त्यापेक्षा जाऊच नये.

उतरवायला सुरुवात झाली. माझ्या बहिणीचा कुकर, दिराच्या कुबड्या, इमामसाहेबांच्या बायकोचं शिलाई मशीन, कॉफी, चॉकलेटं, कपडे धुवायच्या पावडरीची खोकी, एक सायकल. माझी नात देर्या सगळं फुटपाथवर मांडत होती. तळमजल्यावरच्या क्रोगरबाईंनी खिडकीत उशी ठेवून त्यावर कोपरं टेकली.

“हुरिये, यंदा दुकान टाकलंस का?”

“टाकलंय ना. या, भवानी तुमच्याच हातची होऊ दे.”

सगळ्यांत खाली, चादरीत गुंडाळलेलं, ते फाटक निघालं. ते हाजींनी केलेलं. हाजी म्हणजे माझे यजमान. मक्केहून आल्यापासून सगळे त्यांना हाजी म्हणतात, मीसुद्धा. आयुष्य पोलादाच्या भट्टीवर गेलं, लोखंड त्यांच्या हाताला मेणासारखं ऐकतं. गावाबाहेर टेकडीवर, जर्दाळूच्या झाडाखाली, आम्ही दोघांच्या कबरींची जागा राखून ठेवली आहे, एकमेकांना लागून. भोवतीचं दगडी कुंपण मी जातीने उभी राहून बांधून घेतलं. गवंड्याने एक बाजू वाकडी केली, ती पाडून पुन्हा बांधायला लावली. बकऱ्या आत शिरू नयेत म्हणून फाटक तेवढं बाकी होतं. ते हाजींनी हिवाळाभर खपून केलं.

“हे राहील,” जेवदेत म्हणाला.

“हे जाईल. सायकल ठेव.”

“आई, योझगातला फाटकं मिळत नाहीत का?”

“मिळतात. तुझ्या बापाच्या हातची मिळत नाहीत.”

मी हाजींकडे पाहिलं. ते जिन्याच्या पायरीवर बसले होते. बोलणं त्यांचं मुळात कमी, त्यात गेल्या थंडीत छातीत यंत्र बसवल्यापासून आणखी कमी. पण स्वतःच्या फाटकासाठी माणसाने एक शब्द तरी टाकावा! ते बुटाच्या नाडीकडे बघत राहिले.

मग मी शेवटचं हत्यार काढलं.

“देर्या, पुढच्या सीटखालचं गाठोडं आण. या गाडीत आधी काय भरतात, ते तुझ्या बापाला दाखवते. मग सांगू दे मला काय जाईल न् काय राहील.”

त्या गाठोड्यात आम्हा दोघांची कफनं असतात. मक्केहून आणलेली, तिथल्या पवित्र जमजम विहिरीच्या पाण्यात धुतलेली. इतके देश ओलांडून जायचं, रस्त्यात कोणाचं काय होईल सांगता येत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात गाडीत पहिलं सामान तेच. एरवी मी ठेवते. यंदा माझा गुडघा धरला होता, तेव्हा हाजी म्हणाले, मी ठेवतो.

मी गाठ सोडली.

आत एकच कफन होतं. त्याला निळा दोरा बांधलेला. तो माझ्या कफनाचा.

मी फडकं उलटं करून झटकलं. कापराची एक वडी घरंगळत गटाराकडे गेली. दुसरं कुठे आहे, हे विचारायला माझी जीभ उचलेना. माझी जीभ! जिच्या धाकाने आमच्या मशिदीतल्या बायका चपला सरळ ओळीत काढतात, ती टाळूला चिकटून बसली.

“खाली पडलं असेल,” सेवगी म्हणाली आणि सीटखाली वाकली.

“पडलं नाही,” हाजी पायरीवरून म्हणाले. “मी काढून ठेवलं. कपाटात आहे.”

“का?” जेवदेतने विचारलं.

“मला इथेच पुरा.”

“इथे म्हणजे?”

“इथे. नाझलीजवळ.”

जेवदेतच्या हातात इस्त्री होती, ती त्याने छातीशी धरली. हे नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. मनाई मी केलेली नव्हती. मनाई करायला नाव घ्यावं लागलं असतं.

“नाझली कोण?” देर्याने विचारलं.

“तुझी आत्या,” हाजी म्हणाले. “सगळ्यांत मोठी.”

मोठी! ती बसायलासुद्धा शिकली नव्हती. आम्ही या देशात आलो त्याच थंडीत गेली. बाळाला गावी कसं न्यायचं, कोणाला विचारायचं, काही ठाऊक नव्हतं. हाजी आणि भट्टीवरची दोन-तीन माणसं तिला घेऊन गेली. दफनाला आमच्याकडे बायका जात नाहीत. मी खिडकीतून पाहिलं. त्यानंतरही मी कधी गेले नाही. परक्या मातीत काय बघायचं? जिला पोटात वाढवली, ती कुठे आहे हे मला दुसरीकडे जाऊन बघावं लागत नव्हतं.

“दर शुक्रवारी जातो मी,” हाजी म्हणाले. “नमाज झाल्यावर.”

“तुम्ही तर चहाला जाता!” जीभ सुटली एकदाची.

“चहा परत येताना.”

इतकी वर्षं! शुक्रवारी उशीर झाला की मी या माणसाला पत्त्यांवरून बोलत आले. एकदाही त्यांनी तोंड उघडलं नाही.

“मग आज काय झालं एवढं? गाडी भरून दारात उभी असताना?”

“कबरस्तानातला माळी म्हणाला, ती जागा परत घेणार. इथे कबर मुदतीची असते, हुरिये. मुदत संपली की जागा मोकळी करून दुसऱ्याला देतात.”

“कबर? मुदतीची?”

“तेव्हा सांगितलं असेल आपल्याला. भाषा कुठे येत होती? मी मान डोलावली.”

आमच्याकडे कबर म्हणजे कबर, कयामतपर्यंतची. त्यावर घरचे पाणी शिंपडतील, गवत वाढेल, दगड झिजेल, पण तिथे कोणी कुदळ घालणार नाही. इथेही तसंच असेल, असंच मी धरून चालले होते. आमच्यातले सगळेच तसं धरून चालले होते.

“म्हणजे मेलेल्यालाही घरभाडं?” माझा आवाज गल्लीभर गेला. “आणि मुदत संपली की माझ्या बाळाला बाहेर काढणार?”

क्रोगरबाईंनी खिडकी हळूच लावून घेतली.

“एकदा वाढवून घेतली होती,” हाजी म्हणाले. “आता नुसती वाढत नाही. घरचं माणूस त्याच जागेत आलं, तर मात्र मुदत नव्याने सुरू होते. मी तिथे गेलो की तिला कोणी हलवणार नाही.”

“बाबा, पण गावाला यायला काय हरकत आहे?” जेवदेत म्हणाला. “चला ना. परत आल्यावर बघू.”

“तिकडे मला काही झालं, तर तुम्ही पुढच्या नमाजाच्या आत मला टेकडीवर नेऊन ठेवाल. नको म्हणायला मी नसेन. म्हणून येत नाही. आता कधीच येणार नाही.”

खोटं नव्हतं ते. मीच पुढे होऊन नेलं असतं.

“मग फाटक कशाला केलंत?” मी विचारलं.

“तुझ्यासाठी. बकऱ्या शिरू नयेत म्हणून.”

असा संताप आला मला. इतक्या वर्षांचा संसार, कुंपणाचा दगड न् दगड मी निवडलेला, आणि त्यात मी एकटी! जगभरच्या बायका काय म्हणतील? हुरियेचा नवरा मेल्यावरसुद्धा पळाला.

“छान,” मी म्हटलं. “ऐसपैस जागा मिळाली मला. पाय पसरून झोपेन. जेवदेत, फाटक आधी ठेव. गाठोडंही ठेव. निघा आता.”

मी गाडीत जाऊन बसले आणि दार आपटलं. सायकल, शिलाई मशीन, पावडरीची खोकी वर घरात गेली. फाटक, कुबड्या आणि कुकर आत आले. जेवदेतने बापाचा हात डोळ्यांना लावला, सेवगीने घरात कोणत्या डब्यात काय आहे ते त्यांना दोनदा सांगितलं. पुढची, चालकाशेजारची सीट रिकामी राहिली. देर्या तिच्यावर उशा ठेवायला गेली, तिला मी दटावलं. जेवदेतने चाकावर हात घालून पाहिलं आणि मान हलवली. अजून बसलेलीच.

निघणाऱ्या गाडीमागे आम्ही पाणी टाकतो. पाण्यासारखे वाहत जा, पाण्यासारखे परत या. टाकायचं मागे राहणाऱ्याने. आमच्या घरातून मागे कधी कोणी राहिलंच नाही, म्हणून ते काम मी क्रोगरबाईंना शिकवलं होतं. यंदा हाजी चहाची किटली भरून घेऊन आले. तिची मूठ त्यांनी धरली नव्हती. दोन्ही हातांवर आडवी घेतली होती, छातीशी, सांडू नये अशी.

अशाच हातांनी त्या दिवशी नाझलीला घेऊन ते या जिन्यावरून उतरले होते. मी खिडकीतून पाहिलं होतं.

गाडी सुरू झाली.

“थांबव,” मी म्हटलं.

“काय राहिलं, आई?”

मी दार उघडून उतरले. गुडघा कळवळला. माझ्यामागे गाडी हळूच वर उचलली गेली. सवयीने जेवदेतने खाली उतरून चाकावर हात घातला. बोटं आत शिरली.

“तुम्ही निघा,” मी म्हटलं. “मावशीला सांग, कुकरची शिट्टी दर वेळी धुवायची. ती धूत नाही.”

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मग बापाकडे. मग गाडीत बसला.

“किटली अशी धरतात का?” मी हाजींच्या हातातून ती काढून घेतली आणि गाडीमागे पाणी फेकलं. चांगलं लांब गेलं. गाडी कोपऱ्यावर वळली, टपावरची ताडपत्री दिसेनाशी झाली.

फुटपाथवर आम्ही दोघंच उरलो.

“हुरिये,” हाजी म्हणाले, “तुझं कफन गाडीतच गेलं.”

“जाऊ दे. फाटकाला सोबत होईल.”

ते खाली वाकून खुर्ची उचलू लागले. मी म्हटलं, “खुर्ची राहू द्या. कोट घालून या. ती कुठे आहे ते मला दाखवा.”

“आज शुक्रवार नाही.”

“मला वार शिकवू नका.”

ते कोट आणायला वर गेले. किटलीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते मी टाकलं नाही. झाकण घट्ट लावलं आणि त्यांची वाट बघत उभी राहिले.