गुरुजींची अंडी उबवायची पेटी

पुंजाराम गुरुजींनी पंचायत समितीच्या योजनेतून दहा पांढऱ्या कोंबड्या आणि दोन कोंबडे आणले, त्याला वर्ष होत आलं होतं. साल एकोणऐंशी. नांदगावला स्टेशनापलीकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि मागच्या परसात गुरुजींनी स्वतः जाळी ठोकून खुराडं केलं होतं. कोंबड्या अंडी चांगली देत. पण अंडं घातलं की उठायच्या आणि चालू लागायच्या, मागं वळून बघायच्यासुद्धा नाहीत.

"यांना पिल्लं नकोत का?" त्यांच्या बायकोनं, शकुबाईनं, एकदा विचारलं.

"सुधारित जात आहे ती," गुरुजी म्हणाले. "अंड्यांवर खुडूक बसण्याचा दोष त्यांच्यातून काढून टाकलाय."

"मग पिल्लं कोण काढणार?"

गुरुजींनी योजनेची पुस्तिका उघडली आणि शकुबाईला कळलं की आता आपलं काम वाढलं.

पुस्तिकेवर तिचा राग होता, पण तिला नावं ठेवायची सोय नव्हती. आदल्या साली मानमोडीच्या साथीत गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या मेल्या. गुरुजींनी पुस्तिका वाचून मनमाडहून थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणली होती, म्हणून यांच्या तेवढ्या वाचल्या. तेव्हापासून घरात पुस्तिकेच्या पुढं कुणाचं काही चालत नव्हतं.

पुस्तिकेत असं होतं की गावठी कोंबडी वर्षाचे निम्मे दिवस खुडूक बसते, सबब ती पाळणे फायद्याचे नाही. शकुबाईची एक जुनी गावठी कोंबडी होती, कबरी. ती खरंच कधीही खुडूक व्हायची. तिला पाण्यात बुडवली, पाटीखाली कोंडली, तरी सुटली की जाऊन बसायची. अंडी नसली तर कांद्यावर बसायची. शकुबाई तिच्यापायी वैतागलेलीच होती.

"ती काढून टाक," गुरुजी म्हणाले.

"देते कुणाला तरी."

तिनं कबरी दोन घरं सोडून राहणाऱ्या अंबूबाईला दिली. अंबूबाई म्हातारी, एकटी.

"राहू दे माझ्याकडं," अंबूबाई म्हणाली. "पर आता बी खुडूकच हाय ही. निस्ती बसवून काय करू? अंडी तरी दे."

शकुबाईनं पांढऱ्या कोंबड्यांची अकरा अंडी पदरात घालून तिला नेऊन दिली. गुरुजींनी विचारलं तेव्हा म्हणाली, "दिली कोंबडी." अंड्यांचं त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

त्याच दिवशी गुरुजींची पेटी तयार झाली. चहाचं लाकडी खोकं, आतून गोधडीचं अस्तर, वर दोन बल्ब, एका कोपऱ्यात पाण्याची वाटी, समोर काच. आत तीस अंडी. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल.

"दिवसातून तीनदा फिरवायची. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर, संध्याकाळी परत फुली. दुसऱ्या दिवशी उलटं."

"आणि तुम्ही?"

"मी शाळेत असतो."

म्हणून शकुबाई फिरवत राहिली. भाकरी तव्यावर असली तरी दुपारचा भोंगा झाला की पेटीशी जायची. तीस अंडी, तीनदा, पुन्हा वाटीत पाणी. कधी चुकून एखादं तसंच राहिलं तर संध्याकाळी गुरुजी म्हणायचे, "हे गोलावरच आहे," जसं वर्गात कुणाचं गणित चुकलंय. त्यांना उत्तर द्यायला तिच्याकडं पुष्कळ होतं, पण एकवीस दिवसांचा तर प्रश्न आहे म्हणून ती ते अंडं फिरवून चुलीशी जायची.

मधूनमधून ती अंबूबाईकडं डोकवायची. चुलीमागच्या डालग्यात कबरी डोळे मिटून बसलेली असायची. अंडी चोचीनं स्वतःच सरकवायची. दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची आणि परत बसायची. ते बघून शकुबाईला आणखीच वैताग यायचा, कुणाचा ते तिला नीट सांगता आलं नसतं.

अठराव्या दिवशी रविवार होता. सकाळी सातला लाइट गेली. कुठंतरी तार तुटली होती, असं कळलं. दुपारचे बारा वाजले तरी आली नाही. शकुबाईनं पेटीच्या झाकणावर हात ठेवला, मग आत घातला.

"गार पडलीय पेटी. चुलीजवळ घेऊ. नाहीतर कंदील ठेवू आत."

गुरुजी काचेतून वाकून बघत होते. आत ताप बघायचं थर्मामीटर ठेवलेलं होतं. "शंभर आहे," ते म्हणाले. "शंभरच पाहिजे. अस्तरामुळं ऊब टिकलीय. तू झाकण उघडून घालवू नको."

"अहो, हात लावून बघा ना."

"हाताचा अंदाज चुकतो, शकू. काच चुकत नाही."

दोनला शंभर. चारला शंभर. शकुबाई परसात जाऊन भांडी आपटत घासत बसली. साडेपाचला लाइट आली. गुरुजी पेटीशी गेले आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं. घरात कुणाला ताप आला की गुरुजी थर्मामीटर लावायचे आणि ते नंतर झटकायचं काम तिचं असायचं. रोज अंडी फिरवताना ती सवयीनं तेही झटकत होती. आज तिला अंडी फिरवूच दिली नव्हती, आणि झटकल्याशिवाय त्यातला पारा उतरत नाही.

ती आत आली, पेटीतून थर्मामीटर काढलं, दोनदा झटकलं आणि त्यांच्या हातात दिलं. पारा खाली गेला होता.

गुरुजींनी झाकण उचलून स्वतःचा हात पेटीत घातला.

एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी पेटीला वास यायला लागला. गुरुजींनी अंडी उकिरड्यात पुरली आणि शाळेचे कपडे न बदलता ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पंचायत समितीचे साहेब पेटी बघायला येणार होते; पिल्लं निघाली असती तर योजनेतून नवीन कोंबडे मिळायचे होते.

शकुबाईला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाही राग आला.

"अंबूबाईकडं नऊ पिल्लं आहेत," ती म्हणाली. "आपलीच अंडी. कबरीनं काढलीत."

गुरुजींनी मान वर केली. अंडी तिकडं कधी, कशी गेली, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी पेटीत ठेवली तर?"

शकुबाई पाय आपटत आत गेली. पण सकाळी तिनं पिल्लं आणली.

साहेब आले, चहा प्यायले, पेटीत वाकून बघितलं. नऊ पिवळी पिल्लं चिवचिव करत होती. साहेबांनी फॉर्म काढला.

"बल्ब किती वॉटचे, गुरुजी?"

"चाळीसचे दोन," गुरुजी म्हणाले. आवाज खाली गेला होता.

"उबवणीचा काळ?"

शकुबाई दारात उभी होती. तीन आठवडे फिरवलेली ती तीस अंडी तिच्या डोळ्यांपुढं आली. "साहेब, पिल्लं पेटीत निघालेली नाहीत," ती म्हणाली. "पेटीतली सगळी नासली. ही कोंबडीनं काढलीत."

साहेबांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी मान डोलावली.

"असू द्या हो," साहेब म्हणाले. "पिल्लं निघाली ना? मी विजेची पेटी लिहितो. फॉर्मात विजेची आणि रॉकेलची असे दोनच रकाने आहेत. कोंबडीचा नाही."

पण गुरुजी उठले, आतून फूटपट्टी आणि पेन घेऊन आले, साहेबांच्या हातातला फॉर्म मांडीवर घेतला आणि रॉकेल या शब्दावर सरळ रेघ मारली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'गावठी कोंबडी'. खाली नऊ. विजेच्या रकान्यात शून्य.

"फॉर्म खराब केलात तुम्ही," साहेब म्हणाले.

"बरोबर केला," गुरुजी म्हणाले.

साहेब तो फॉर्म पिशवीत कोंबून निघून गेले. पुढं त्याचं काय झालं, ते कुणाला कळलं नाही. नवीन कोंबडे मिळायचे होते, ते मात्र मिळाले नाहीत.

संध्याकाळी गुरुजी म्हणाले, "अंबूबाई ती कोंबडी परत देईल का?"

"तुम्हीच विचारा."

"मला नाही देणार ती."

शकुबाई कपाळाला हात लावून उठली. अंबूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"देते की," अंबूबाई म्हणाली. "पर पिल्लं पाच ठेवीन. मी दाणे घातलेत, जागा दिलीय."

"पाच लय झाली. तीन."

"मग राहू दे कोंबडी इथंच. लय गुणाची हाय."

घासाघीस चारवर थांबली. शकुबाईनं घरून चार पिल्लं आणून अंबूबाईच्या डालग्यात सोडली आणि कबरीला काखेत मारली. घरी येईस्तोवर कबरीनं तिच्या मनगटाला तीनदा टोचलं.