कावळ्यासाठी सोडलेली जागा

कोळ्याच्या घरात जन्म घेऊन होडी लागणारा माणूस अख्ख्या गिरगावात एकच होता, तो हरेश्वर. होडी किनाऱ्याला बांधलेली असली तरी तिच्याकडे बघून त्याच्या पोटात ढवळायचं. शेवटी बापाने हात टेकले आणि त्याला ठाकूरद्वारच्या एका तांबटाकडे भांड्यांवर नावं घालायला बसवलं. तिथे त्याचा हात असा बसला की पुढे खोताच्या वाडीतल्या इनास मास्तरांनी त्याला आपल्याकडे ओढून घेतलं. मास्तरांचा लग्नात वाजवणारा बँड होता, आणि पडवीत गाण्यांचे विलायती लिपीतले कागद छापायचं यंत्र होतं; त्या लिपीत सूर पाच रेघांवर ठिपक्यांनी मांडतात.

काम सगळं उलटं. मऊ राखाडी धातूचा पत्रा घ्यायचा, पाच दातांच्या हत्याराने एका ओढीत पाच रेघा मारायच्या, मग सुराचं डोकं, म्हणजे तो ठिपका, कोरलेला पोलादी ठसा धरून वर हातोडीचा एक ठोका. उजवीकडून डावीकडे जायचं, म्हणजे कागदावर सुलट उमटतं. मधल्या रेघेच्या वर बसलेल्या सुराच्या ठिपक्याला जोडलेला दांडा खाली, खाली बसलेल्याचा वर.

"असं का?" हरेश्वरने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नायतर दांडे शेजारच्या ओळीत घुसतील," मास्तर म्हणाले.

हरेश्वरला पटलं. गर्दीत छत्र्या धरायचाही असा काही नियम हवा होता, असं त्याला वाटलं.

ठसा चुकला तर पत्रा फेकायचा नाही. पालथा करायचा, कंपासने नेमकी जागा शोधायची आणि मागून ठोकायचं. खड्डा वर येतो. मग घासून सपाट करायचं आणि नवा ठसा मारायचा.

हरेश्वरची बायको दमयंती मागच्या पावसाळ्यात तापाने गेली. ती किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायची आणि काठी घेऊन राखणीला बसायची. बसल्या बसल्या गुणगुणायची. चाल एकच, शब्द नाहीत. चालीत एके ठिकाणी सूर वर जायला हवा, तिथे तिचा खाली घसरायचा. त्याच्या जरा पुढे कावळा यायचा. मग "हाड मेल्या!" म्हणून ती काठी आपटायची आणि तिथूनच पुढे सुरू. सतरा वर्षांत कावळे बदलले असतील, जागा बदलली नाही.

एका सकाळी राखुंडीने दात घासता घासता हरेश्वर ती चाल गुणगुणला आणि घसरणारा सूर बरोबर लागला. त्याचं बोट तोंडातच थांबलं. पुन्हा गुणगुणला. पुन्हा बरोबर! दिवसभर मास्तरांचं व्हायोलिन ऐकून ऐकून त्याचा कान सुधारला होता. आज सूर गेला, उद्या कावळा जाईल. मग दमूचं काय उरलं?

तो तोंड न धुताच मास्तरांकडे गेला.

"मास्तर, एक पत्रा द्या. दमूचं गुणगुणणं ठोकून ठेवायचंय."

"घे. पण शेवटचाच हाय. विलायतेहून पत्र्यांची पेटी यायला दोन महिने हायत."

स्वतःवर भरवसा नव्हता म्हणून हरेश्वरने साक्षीला दमयंतीच्या बहिणीला, सखुबाईला बोलावलं. तिने माशांची पाटी पायरीवर ठेवली आणि गुणगुणून दाखवलं. मास्तर लिहून घेत होते. मध्येच थांबले.

"हा सूर चुकला."

"चुकलाच पाहिजे," हरेश्वर म्हणाला.

"अरे, कागदाखाली माझं नाव छापतात! लोक म्हणतील, इनासला सूर कळत नाय."

"मग माझं नाव घाला."

"तुला तर त्याहून कळत नाय!"

"माजी भैन बेसुरीच व्हती, मास्तर," सखुबाई म्हणाली. "आरतीला आय तिला सगळ्यांच्या मागं उभी करायची."

मास्तरांनी मान डोलावली आणि उरलेलं लिहून घेतलं. हरेश्वरने कागद पाहून पत्रा ठोकला, एक प्रत काढली. मास्तरांनी ती वाजवली.

हरेश्वर ऐकत राहिला. "ही कोण बाई?"

"तुझी बायको."

"नाही हो. ही कोणी शिकलेली बाई आहे."

मास्तरांनी लिहितानाच सूर दुरुस्त केला होता. हरेश्वरने पत्रा पालथा केला, मागून ठोकलं आणि चुकीचा सूर बसवला. तो जेवायला गेला तेवढ्यात मास्तरांनी पत्रा पालथा करून बरोबर सूर बसवला. दुसऱ्या दिवशी हरेश्वरने तो पुन्हा चुकवला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी पुन्हा सुधारला. तोवर पत्रा त्या जागी पापडासारखा झाला होता.

"आता हात लावू नकोस," मास्तर हातोडी पाठीमागे धरून म्हणाले. "भोक पडेल. मग बरोबर नाय आणि चूकही नाय."

हरेश्वर त्या जागेवरून बोट फिरवत राहिला. त्याचा चेहराच उतरला. दारात सखुबाई उभी होती. मास्तरांची बायको रोझीन तीन वर्षांपूर्वी गेली, हे तिला माहीत होतं. वाडीत सगळ्यांनाच माहीत होतं.

"मास्तर, तुमची रोझीन घोरायची ना?"

"त्याचं काय?"

"तिला सुरात घोरायला शिकवलं व्हतं काय?"

मास्तरांनी पाठीमागची हातोडी पुढे घेतली. मग म्हणाले, "शिट्टी मारल्यासारखी घोरायची. मधेच शिट्टी बंद व्हायची. मी घाबरून उठून बसायचो." त्यांनी हातोडी हरेश्वरच्या हातात दिली. "घाल. चुकीचा घाल. हळू ठोक."

हरेश्वरने श्वास धरला आणि पालीच्या पावलाएवढा ठोका मारला. पत्रा फाटला नाही.

"आता कावळा," तो म्हणाला.

"तिथे चार मात्रा शांत राहायचं. त्याचा हा ठसा."

"गप्प बसायचाही ठसा असतो?" हरेश्वरने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा माझ्या बडबड्या बापाला दाखवायला हवा होता."

पुढच्या महिन्यात वाडीतच एक लग्न होतं. नवरानवरी मांडवातून बाहेर आली आणि बँडने दमयंतीची चाल धरली. चुकीचा सूर आला तसे क्लॅरिनेटवाल्याने डोळे मिटले आणि शहाण्यासारखा वाजवून टाकला. मग बँड थांबला. नवऱ्याचा बाप इकडेतिकडे बघू लागला. एक मात्रा, दोन मात्रा. मोठ्या ढोलाशेजारी उभ्या असलेल्या हरेश्वरला राहवलं नाही.

"हाड मेल्या!"

नवरदेव दचकून एक पाऊल मागे सरला. मांडवावरचा कावळा उडाला. नेमक्या चौथ्या मात्रेनंतर बँड पुन्हा सुरू झाला आणि चाल शेवटापर्यंत गेली. हरेश्वरने ऐकताना एक सूरही सोडला नाही.

"एवढी जोरात नव्हती ओरडत ती," सखुबाई पदराने डोळे पुसत म्हणाली.

"ओरडायची," हरेश्वर म्हणाला. "तू लांब बसायचीस."