तसबिरीतली मडम

मेलेल्या बाईवर कुणी जळतं का? मी जळत होते. आणि ती साधीसुधी बाईही नव्हे, इंग्रज मडम. हसा खुशाल.

आमचे मालक चिकलठाण्याच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि छावणीतल्या एका जुन्या बंगल्यात, बघायला येणाऱ्यांना माहिती सांगायच्या कामाला लागले. बंगला इंग्रज फौजेतल्या कुणा साहेबाचा. पोलीस अ‍ॅक्शननंतर तिथं सरकारी कचेरी होती, मग बरीच वर्षं नुसता पडून होता. आता एका ट्रस्टनं रंगरंगोटी करून तिकीट लावलंय. मागं मोसंबीची बाग, आत पलंग, आरसे, आणि निजायच्या खोलीत साहेबाच्या बायकोची माणसाएवढी तसबीर. तिच्याबद्दल ट्रस्टवाल्यांनाही नावापलीकडं काही ठाऊक नाही म्हणे.

घरात मालकांचं तोंड म्हणजे शिवलेलं. मीठ हवं असलं तरी बोट दाखवतात. आणि शेजारच्या द्वारकाबाई बचत गटाबरोबर बंगला बघून आल्या त्या डोळे पुसतच.

"चतुराबाई, बन्सीभाऊ त्या मेमसाहेबाचं काय सांगत्यात वो! साहेबाचा लई जीव होता तिच्यावर. आम्ही समद्या रडलो."

माझा सगळा जन्म या माणसाच्या शेजारी गेला, माझ्यासाठी कधी चार शब्द निघाले नाहीत, आणि तिकडं परक्या बायकांना रडवतात! संध्याकाळी मी विचारलं, "कशी व्हती वो तुमची मडम?"

"चांगली व्हती," म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

चांगली! मला तेवढंही कधी म्हणाले नाहीत.

रविवारी बिडकीनला बहिणीकडं जाते असं सांगून मी निघाले, आणि तिकीट काढून बंगल्यात शिरले. जालन्याहून बायकांची एक गाडी आली होती. पदर कपाळावर ओढून त्यांच्या घोळक्यात मागं उभी राहिले. मला एवढंच बघायचं होतं, की त्या बाईत असं काय होतं जे माझ्यात नाही.

"मेमसाहेब सगळ्यांच्या मागून जेवायच्या," लांबलचक टेबलापाशी मालक सांगत होते. "उरलंसुरलं पातेलं पुसून खायच्या. कुणी इचारलं तर म्हणायच्या, मला भूकच नव्हती."

बायका चुकचुकल्या. मी मालकांच्या आवाजानंच गार झाले होते. इतका मऊ आवाज या माणसाकडं होता, आणि तो रोज डब्याबरोबर इथं आणून रिकामा करत होते.

"दिवेलागणीला कुणी झाडू हातात घेतला की त्यांना खपायचं नाय," निजायच्या खोलीत शिरता शिरता ते म्हणाले. "राग आला की बोलणं बंद. नुसती भांडी आपटायच्या. साहेब बाहेर वऱ्हांड्यात बसून आवाजावरून वळखायचे, आज मामला किती गरम हाय."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. भांडी आपटते तरी हिचं कौतुक! मी आपटली की मात्र हे चप्पल घालून बाहेर पडतात.

मग मालक तसबिरीपाशी थांबले. गोरी, सडपातळ, पायांत चकचकीत बूट. तिच्याकडं न बघताच ते बोलू लागले.

"थंडीत मेमसाहेबांच्या टाचांना भेगा पडायच्या. समदे झोपल्यावर चिमणीवर मेण पातळ करून त्या एकट्या लावत बसायच्या. तोंडातून हूं नाय की चूं नाय. साहेब झोपेचं सोंग घेऊन बघत पडायचे."

मी तसबिरीतले बूट पाहिले. मग खाली माझ्या पायांकडं पाहिलं.

मडमेला कसल्या आल्या भेगा? आणि दिवेलागणीला केर काढू नये हे तिला कोण सांगणार, विलायतेतली सासू? जालन्याच्या बायकांना काही खटकलं नव्हतं, सांगणाऱ्यालाही खटकलं नव्हतं. मेण मी लावते. पातेलं मी पुसते. एवढं सगळं या माणसानं पाहिलं होतं!

आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. उलट अंगाचा भडका उडाला. माझ्या नावानं एक शब्द नाही, आणि माझं होतं नव्हतं ते सगळं उचलून या सोनेरी चौकटीतल्या बयेला नेऊन दिलेलं. लोक रडायचे ते तिच्यासाठी. मी पदर मागं सारला.

माझ्या पुढची बाई विचारत होती, "साहेब तिला हे कधी बोलले का नाय?"

मालकांनी उत्तर द्यायला मान वर केली, आणि मी दिसले. तसबिरीकडं रोखलेली त्यांच्या हातातली छडी खाली आली.

"नाय," ते माझ्याकडं बघत म्हणाले. "घरात त्यांना बोलायला व्हायचं नाय. त्यांना वाटायचं, तिला कळत असंल."

"तिला नव्हतं कळत," मी मागून म्हणाले.

सगळ्या वळल्या. एकीनं विचारलं, "तुम्हाला वो काय ठाव, बाई?"

मी बायकांना बाजूला सारत पुढं गेले, आडवी बांधलेली दोरी ओलांडली, आणि मडम कुणाला दिसणार नाही अशी बरोबर तसबिरीपुढं उभी राहिले.

"हं," मी मालकांना म्हणाले, "आता सांगा."