मी पाहिलेलं सरांचं आणि एआयचं भांडण

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि झोपलेले प्राध्यापक माझ्याइतके अख्ख्या कोल्हापुरात कुणी पाहिले नसतील. शिकवणाऱ्यांना शिकवण्याचं एक केंद्र आहे, त्याच्या छताला मी उलटा टांगलेला आहे.

इथे आलो तेव्हा काय कौतुक झालं माझं! नारळ फुटला, हार पडला. पुढे दिवा मंदावला, चित्र पिवळट दिसू लागलं आणि जो तो नावं ठेवू लागला. ठेवू देत. दिवा बदलला की मी अजून खणखणीत चालतो.

यंदाच्या वर्गाचा विषय होता एआय. राधानगरीकडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे कृष्णात सर त्यासाठी आले होते. हा वर्ग पास झाल्याशिवाय त्यांना बढती मिळणार नव्हती, आणि सर तर एआयला जाम घाबरायचे.

नमुना पाठासाठी त्यांनी सगळं एआयकडूनच लिहून घेतलं आणि शब्द न् शब्द वाचलं. पहिलीच ओळ होती, 'अर्थातच! हा घ्या तुमचा पाठ.' तीही वाचली. सभागृह खो खो हसलं. सरांचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

वर्ग घेणाऱ्या निशिगंधा मॅडमनी त्यांना दुसऱ्या दिवशी आणखी एक संधी दिली, शेवटची. तुम्हाला जे पक्कं ठाऊक आहे तेच एआयला विचारा, असं त्यांनी सुचवलं.

सरांच्या घरचं गुऱ्हाळ. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, गूळ करताना उकळत्या रसात भेंडीचं पाणी का घालतात? माझ्या उजेडात भिंतीवर उत्तर आलं, गूळ जास्त गोड व्हावा म्हणून. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

"न्हाय गा," सर भिंतीकडे बघून म्हणाले. "मळी वर काढाय वतत्यात. ल्हानपणापासनं बघतोय मी."

एआयनं लगेच माफी मागितली. तुमचंच बरोबर, म्हणालं. सर आणखीच खवळले.

"मी म्हणतोय म्हणून कबूल हुतंयस व्हय? का, ते सांग की."

मग त्यांनी खडू उचलला. भेंडीचा चिकटा रसातली घाण कशी धरतो, ती फेसाबरोबर वर कशी येते, हे शेजारच्या फळ्यावर काढून दाखवलं. एआय एकेक कारण देई, सर ते तपासत, चुकलं की खोडत. एक कारण सरांनाही नवं होतं, ते त्यांनी खुशाल मान्य केलं. मागच्या रांगेतले प्राध्यापकसुद्धा उठून वाद घालू लागले. मॅडमनी सरांना तिथंच पास केलं. आता कॉलेजात पोरांनाही असंच भांडायला लावणार, असं सर म्हणाले.

मित्रांनो, माझ्या उजेडात कुणी आडवं आलं की मला राग येतो. त्या दिवशी सर बोलण्याच्या भरात ऐन भिंतीपुढे उभे राहिले. एआयचं अर्धं उत्तर त्यांच्या सदऱ्यावर उमटलं होतं. तरी बाजूला व्हा, असं एकही जण म्हणाला नाही, कारण सगळे सरांकडेच बघत होते. माझी काच तेवढी पुसत जा, लख्ख दाखवायचं काम माझं. खरं का खोटं हे विचारायला मात्र तुम्हालाच पुढं यावं लागेल.